थंड पाण्यातलं स्कूबा: अंदमानात शिकलेलं सिएटलला कितपत पुरतं?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप, पण तोंडात जुनंच नाव बसलंय) ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट घेतलं. पाणी २८ अंश, अंगात ३ मिलिमीटरचा आखूड वेटसूट, कमरेला ४ किलो वजन. वर यायची इच्छाच होत नव्हती. आता नोकरीमुळे सिएटलजवळ बेलव्ह्यूला आलेय. इथे प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीत बारा महिने डायव्हिंग चालतं म्हणे, पण पाणी ७ ते १३ अंश! दुकानात गेले तर त्या मुलाने ड्रायसूट (आत पाणी येऊ न देणारा), जाड हातमोजे, हूड, दुसराच रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) असं एवढं काही दाखवलं की मी कॅटलॉग घेऊन परत आले.

कोणी थंड पाण्यात शिकलंय का? ७ मिलिमीटरच्या वेटसूटवर भागेल की ड्रायसूट लागतोच? पुन्हा पहिल्यापासून शिकायचं का? आणि सुरुवात कुठल्या महिन्यात करावी? नवरा किनाऱ्यावर बसून कॉफी पिणार आहे, त्याच्याकडून सल्ला मिळायची शक्यता नाही.

खोडसाळ_पंत

आमच्या घरी ७ अंशांवर फ्रिज चालतो आणि त्यात कोथिंबीर असते, माणूस नसतो. ज्ञानात भर म्हणून विचारतो, हे कशासाठी?

बुडीत_खाते

मृण्मयी, अगं-तुगं चालेल ना? मी कराडची, सिएटलमध्ये केस पांढरे झाले. पोहायला शिकले ती मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. गार पाण्याची भीती कधीच नव्हती, पण त्या धिटाईचा इथे काडीचा उपयोग नाही. पंत, तुम्हालाही तेच सांगते: थंडी सोसायला कोणी खाली जात नाही. कपडे नीट असतील तर पाऊण तास अंग कोरडं राहतं, बधिर होतात ते ओठ. सोसायची तयारी दाखवणारे लोकच आधी अडचणीत येतात, कारण कुडकुडत असूनही ते बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण करत नाहीत.

वेटसूट की ड्रायसूट? ड्रायसूट. वेटसूटच्या निओप्रीन रबरात जी ऊब असते ती त्यातल्या बारीक बुडबुड्यांची. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात, आणि तुझा ७ मिलिमीटरचा सूट नावालाच ७ चा राहतो. जितकं खोल जाशील तितका पातळ, आणि खाली पाणीही जास्त गार. पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. वेटसूटमध्ये एक डाइव्ह निभते, काहीजण हौसेने करतातही. पण दुसऱ्या डाइव्हआधी नोव्हेंबरच्या वाऱ्यात, पार्किंगमध्ये, तो ओला सूट अंगावर वागवत तासभर थांबून बघ. खरी थंडी तिथे वाजते.

पण ड्रायसूट म्हणजे नुसता रेनकोट नाही, आणि शिकायचं आहे ते हेच. सूटच्या आत हवा असते. खाली जाताना ती दबते, सूटच्या घड्या अंगाला चिमटे काढतात, म्हणून छातीवरचं बटण दाबून सिलिंडरमधली थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कोपर वर करायचं आणि ती सोडायची. अंदमानात तुला बीसीडीतली, म्हणजे तरंगण्यासाठी फुगवायच्या जाकिटातली, एकच हवा सांभाळायची होती, इथे दोन. आणि ही दुसरी एका जागी राहत नाही. गवंड्याच्या लेव्हल-पट्टीतल्या बुडबुड्यासारखी जो भाग वर असेल तिकडे धावते. डोकं खाली, पाय वर झाले की हवा पायांत. पाय फुगतात, फिन्स निसटायला बघतात, आणि दंडावरचा व्हॉल्व्ह आता सगळ्यात खाली असल्यामुळे तिथून काहीच बाहेर जात नाही. माणूस उलटा लटकत वर निघतो. उपाय सोपा आहे: गुडघे पोटाशी घे, कोलांटी मारून सरळ हो, मग हवा सोड. सोपा, पण स्विमिंग पूलमध्ये इतक्या वेळा करून घ्यायचा की विचार करावा लागू नये. पाय घोट्याशी सैल असलेला सूट भाड्याने घेऊ नकोस, अर्धा त्रास तिथेच संपतो.

तरंगण्याचं नियंत्रण सूटने करायचं की बीसीडीने, यावर दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडतात. मी दुसऱ्या पंथातली: सूटमध्ये चिमटे न बसण्यापुरतीच हवा, बाकी सगळं बीसीडीत. पण तुझा इन्स्ट्रक्टर शिकवेल तसं आधी कर, मत नंतर बनव.

वजनाचं ऐकून दचकू नकोस. ४ किलोचे दिवस गेले. सूटखालच्या जाड कपड्यांत हवा अडकते, ती बुडवायला १० ते १४ किलो शिसं लागतं, अंगयष्टी आणि सिलिंडरप्रमाणे कमीजास्त. सिलिंडर पोलादी मिळाला तर घे. अॅल्युमिनियमचा रिकामा होत आला की तरंगायला लागतो, आणि वर येताना शेवटी ५ मीटरवर सुरक्षिततेसाठी थांबायचं असतं तेव्हाच नेमका तो तुला वर ओढतो.

पहिल्यापासून शिकावं लागणार नाही. ड्रायसूटचा वेगळा कोर्स असतो, तो कर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू कर. पाणी त्यातल्या त्यात उबदार असतं आणि उन्हाळ्यातलं प्लवंगांचं हिरवं वरण निवळायला लागतं. मे-जूनमध्ये ३-४ मीटर दिसलं तरी नशीब म्हणायचं. जानेवारीत पाणी सगळ्यात स्वच्छ, पण जानेवारीत शिकायला सुरुवात करू नये.

मृण्मयी_ठाणे

बापरे, केवढं व्यवस्थित लिहिलंत! तुम्ही 'अगं' म्हणा, मी ताई म्हणते. आता जरा खासगी प्रश्न, पण इथे बायका असतील म्हणून विचारते. माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि रोज तेल लावायची सवय आहे. मंगळसूत्र, पाटल्या यांचं काय करता? आणि सूट चढवल्यावर बाथरूमला जायचं झालं तर? शिवाय त्या दुकानातल्या मुलाने 'रेग्युलेटर गोठतो' असं काहीतरी सांगितलं. ७ अंशांना पाणी तर गोठत नाही, मग रेग्युलेटर कसा गोठेल?

लेस्टरचा_बाळू

रेग्युलेटरचं मी सांगतो. मी इंग्लंडात स्टोनी कोव्हला शिकलो. लेस्टरशायरमधली ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली, सगळ्यात खोल भाग ३६ मीटरच्या आसपास. पाण्याखाली 'स्टेनगार्थ' नावाची बोट मुद्दाम बुडवून ठेवलीय, पाइक मासे फिरतात. फेब्रुवारीत पाणी ४-५ अंश.

गोठतं ते बाहेरच्या पाण्यामुळे नाही, आतल्या हवेमुळे. सिलिंडरमध्ये हवा २०० बारला कोंबलेली असते. रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, ती एकदम १० बारच्या आसपास उतरते, आणि हवा अशी झटक्यात पसरली की थंड होते, शून्याच्या बरीच खाली. समुद्राचं उबदार पाणी ही थंडी लगेच शोषून घेतं. ४ अंशांचं गोडं पाणी ती कशी शोषणार? भागांवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा थांबायचं नावच घेत नाही. याला फ्री-फ्लो म्हणतात. युरोपातल्या ईएन २५० या मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात आणि त्यासाठीच्या रेग्युलेटरची चाचणी ४ अंशांना होते. भाड्याने घेताना तेवढं विचारा.

माझ्या बडीचा १८ मीटरवर सुटला होता. चेहऱ्यासमोर बुडबुड्यांची भिंत, समोरचं काही दिसेना, आणि आवाज एवढा की खुणा कोण बघतो. तरी ती शांत होती. रेग्युलेटरचं तोंड ओठांत अर्धवट धरून वाहत्या हवेतून घोट घोट श्वास घेतला. ओपन वॉटरमध्ये करून घेतात तोच व्यायाम, जो सगळे उरकून टाकायचा म्हणून करतात. मग माझा दुसरा रेग्युलेटर घेतला, मी मागे हात घालून तिचा सिलिंडर बंद केला, आणि आम्ही नेहमीच्या वेगाने वर आलो. तिच्या हवेचा काटा झरझर खाली जात होता, मिनिटभर उशीर झाला असता तर सिलिंडर रिकामा.

टाळायचं कसं? पाण्यात उतरण्याआधी गार हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका, वाफ आत जाऊन तिचा बर्फ होतो. पर्जचं (हवा जोरात सोडायचं) बटण पूर्ण दाबू नका. आणि श्वास घेत असताना त्याच क्षणी बीसीडीत किंवा सूटमध्ये हवा भरू नका, पहिल्या टप्प्यावर दुप्पट भार पडतो. हवा थोडी थोडी, तुकड्यातुकड्याने.

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे, नॉर्वेत राहतो, हौशी डायव्हर. बाळू यांचं बरोबर आहे, पण सगळी चर्चा उपकरणांची झाली, शरीराचंही थोडं ऐका.

थंड पाण्यात उतरलं की हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं द्रव फार झाला, म्हणून मूत्रपिंड कामाला लागतात. बाथरूमची घाई त्यामुळे होते, भित्रेपणामुळे नाही. पण म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा उपाय वाईट. आणि उलट 'हायड्रेट राहा' म्हणून लिटर-दोन लिटर ढोसणंही वाईट. कारण हेच छातीकडे सरकलेलं रक्त काहींच्या फुप्फुसांत पाणी उतरवतं. पोहताना किंवा डायव्हिंग करताना होणारा हा पल्मनरी इडिमा उच्च रक्तदाब असलेल्यांत आणि वय वाढलेल्यांत जास्त दिसतो, अगदी घट्ट सूटही त्यात भर घालतो. श्रमाच्या मानाने जास्त धाप, खोकला, छातीत घरघर, कधी गुलाबीसर फेस. हे पाण्याखाली जाणवलं तर रेग्युलेटर नीट चालत नाही असंच आधी वाटतं. खूण करा, डाइव्ह तिथेच संपवा, बाहेर या, ऑक्सिजन घ्या, रुग्णालय गाठा. एकदा झालं त्याला पुन्हा होऊ शकतं, म्हणून तपासणी झाल्याशिवाय परत पाण्यात नाही. चाळिशीपुढच्या सगळ्यांनी कोर्सच्या आधी रक्तदाब मोजून घ्यावा. 'मला काही होत नाही' हा भारतीय पुरुषांचा राष्ट्रीय आजार आहे.

दुसरं, वर येताना गारठलेलं असणं हे खाली गारठण्यापेक्षा वाईट. खाली असताना उबदार रक्तप्रवाहातून श्वासातला नायट्रोजन भराभर ऊतींत शिरतो, आणि येताना हातपाय गार पडले की तो तितक्या वेगाने बाहेर पडत नाही, मग त्याचे अंगात बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांत हा फरक स्पष्ट दिसला होता. त्यामुळे कुडकुडायला लागेपर्यंत थांबू नका. बाहेर आल्याआल्या कढत शॉवरखाली उभं राहणंही थोडं लांबवा. आधी कोरडे कपडे, गरम पेय, मग शॉवर.

बुडीत_खाते

डॉक्टरांनी माझं काम हलकं केलं. मृण्मयी, आता तुझं.

तेल: डाइव्हच्या आदल्या रात्रीपासून बंद. ड्रायसूटच्या गळ्याला आणि मनगटाला लॅटेक्सचे सील असतात, आणि खोबरेल तेल लॅटेक्स खातं. चिकट होतो, मग एक दिवस डोकं घालताना फाटतो. आमच्या ग्रुपमध्ये सील दर वर्षी बदलावा लागणारी एक मल्याळी मैत्रीण होती, कारण काय हे दुकानदाराला शेवटपर्यंत कळलं नाही, मला तिच्या केसांच्या वासावरून लगेच कळलं. सील चढवताना टाल्कम पावडर लाव, सुगंधी नको. सिलिकोनचे सील मिळतात, त्यांना तेलाचं तेवढं वावडं नाही. केसांची घट्ट वेणी घालून ती पातळ टोपीखाली वर घे. गळ्याच्या सीलखाली एक बट जरी अडकली तरी तिच्या वाटेने पाणी आत झिरपतं, आणि ते थेट पाठीवरून जातं.

पाटल्या, अंगठ्या, मंगळसूत्र, सगळं घरी. पाटलीने मनगटाचा सील फाटतो. अंगठी हातमोज्यात काचते आणि गार हातावर सैल होऊन मोज्याबरोबर निघूनही येते. सासूबाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

बाथरूम: पुरुषांच्या सूटला नळी आणि व्हॉल्व्ह असतो. बायकांसाठीही निघालाय, पण तो बसवायची खटपट नवशिकीने करू नये. मोठ्यांचे डायपर वापर, इथे निम्म्याहून जास्त बायका तेच करतात आणि कोणी लाजत नाही. आत सुती काही घालू नकोस. सुती बनियन घामाने भिजतं आणि वाळत नाही. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक.

आता हातांबद्दल, कारण मला या सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं आणि पुस्तकात त्याला जेमतेम एक परिच्छेद असतो. बोटांची त्वचा १५ अंशांच्या खाली गेली की बारीक काम जमत नाही. दुखतही नाही धड, नुसती बोटं ऐकत नाहीत. आमच्या इन्स्ट्रक्टरने पहिल्या वर्गात पाण्याचा 'प' काढला नाही. बादलीत बर्फाचं पाणी, दोन्ही हात आत, सोसवेल तेवढा वेळ. मग पाटीवर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहायचं आणि कमरेची एक कडी उघडून लावायची. माझं आडनाव लांबलचक, ते अर्ध्यावरच राहिलं. नंतर म्हणाला, आता हेच जाड हातमोजे घालून आणि डोळे मिटून. तेव्हापासून घरी दिवाणखान्यात, टीव्हीसमोर, मोजे घालून सगळी बकलं उघडझाप करायचा सराव मी केला. वजनाचा कप्पा सोडणं, सूटचा हवेचा पाइप उपटून काढणं, हे दोन्ही अंधारात जमलं पाहिजेत. कारण सूटचं बटण कधी अडकलं तर हवा भरतच राहते, आणि तो पाइप काढायला तुझ्याकडे काही सेकंदच असतात. बाकीची उपकरणं कमी कर. जितक्या कमी कड्या, तितकं बरं. कोरडे हातमोजेही मिळतात, पण आधी ओल्यांत शीक.

आणि चेहरा. उडी मारून थेट खाली जाऊ नकोस. उथळ पाण्यात उभी राहून मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडव, दोन-तीनदा. पहिल्यांदा श्वास आपोआप आत ओढला जातो, छाती थांबल्यासारखी होते. मिनिटभरात ते शांत होतं. मग मास्क. हे न करता खाली गेलीस आणि मास्क चुकून निसटला, तर तो धक्का १० मीटरवर बसेल.

रापणकार

मी मालवणचो. पर्यटकांक पाण्यात नेतंय, ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद. आमचे पोरगे टी-शर्टावर दिवसभर पाण्यात असतत. पाणी २८-२९ असला तरी चौथ्या-पाचव्या फेरीक दात वाजूक लागतत, कोणी कबूल करणा नाय. ताई, ह्या बादलीचो प्रयोग मी आमच्या पोरांवर करतंय. एक विचारू? एवढ्या गार, काळोख्या पाण्यात बघूक काय मिळता?

बुडीत_खाते

रापणकारानू, विचारलंत ते बरं केलंत, नाहीतर सगळे म्हणतील ही बाई लोकांना घाबरवायलाच बसलीय.

वेस्ट सिएटलला सीक्रेस्ट पार्क आहे, तिथल्या कोव्ह २ मध्ये किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येतं. समोर शहराच्या उंच इमारती, बाजूला बोटीचा धक्का. खाली जुने लाकडी खांब, पोलादी तुळया, आणि त्यांवर पांढरी समुद्रफुलं, हातभर उंच. फटींमध्ये जायंट पॅसिफिक ऑक्टोपस, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा. मादी अंडी घातल्यावर सहा-सात महिने त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारत बसते, खात काही नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. २०१२ मध्ये एका तरुणाने इथूनच एक ऑक्टोपस पकडून नेला. कायद्याने गुन्हा नव्हता, पण बघणाऱ्या डायव्हर्सनी एवढा गदारोळ केला की २०१३ मध्ये राज्याने या जागेसह सात ठिकाणी ऑक्टोपस पकडायला बंदी घातली. हिवाळ्यात लिंगकॉड मासे अंड्यांची राखण करतात, नर करतो ती. जवळ गेलं तर अंगावर येतो, चावतोसुद्धा. उत्तरेला एडमंड्सचा अंडरवॉटर पार्क १९७० पासून राखीव आहे. तिथे कोणी काही पकडत नाही, त्यामुळे मासे माणसाला भीत नाहीत. फक्त शेजारी फेरीबोटीचा धक्का आहे, तिकडे भरकटायचं नाही.

एक राहिलं. मालवणात भरती-ओहोटी तुम्ही अंगाने ओळखता. इथे प्यूजेट साउंडच्या चिंचोळ्या जागांत प्रवाह असा खेचतो की पोहून उपयोग नाही. कुठे कधी उतरायचं ते तक्त्यात बघून, पाणी थबकण्याच्या वेळेला धरून ठरवायचं. कोव्ह २ त्या मानाने शांत, म्हणून नवशिक्यांना तिथे नेतात.

मृण्मयी_ठाणे

ताई, बाळूदादा, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. आजच नवऱ्याच्या हाती बर्फाची बादली दिली, तो म्हणतोय हे आधी का सांगितलं नाहीस, मीही येतो. त्याचा रक्तदाब मोजून घेते आधी. ड्रायसूटच्या कोर्सला नाव घातलंय. कोव्ह २ ला कधी जाणार असाल तर मला बघायला यायचंय, पाण्यात नाही, काठावरून. सूट कसा चढवतात तेवढं तरी कळेल.

बुडीत_खाते

ये की. शनिवारी सकाळी जायचा विचार आहे, तक्ता बघून वेळ निरोपात कळवते. पार्किंग लवकर भरतं, आठच्या आत पोच. सूटखालचा लोकरीचा एक जोड माझ्याकडे पडून आहे, उंची किती तुझी?